सीतारामभाऊंचं विलायतेतलं मत

सीतारामभाऊंची आणि माझी ओळख माझ्या चपलांमुळे झाली. धामणगाव बढ्याच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. बाजारात कुठल्याशा पक्षाची सभा होती. नव्या गावात चार लोकांच्या नजरेत भरावं म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो आणि वाटेतलं शेण काही ठिकाणी चुकवत, काही ठिकाणी न चुकवता, थेट पुढच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. मागून कुणीतरी दंड धरला. काटकुळा, पन्नाशीचा माणूस. खांद्यावर पंचा, कानावर पेन्सिल.

"मास्तर, खाली पाहा," तो हळूच म्हणाला. "तुमी पक्षावर उभे आहा."

खाली लालनिळ्या पट्ट्यांची सतरंजी होती आणि तिच्यावर माझ्या शेणाच्या चपला. मी बेडकासारखी उडी मारून बाजूला झालो. त्यानं स्वतःच्या पंच्यानं ती जागा पुसली, पंचा उलटा करून परत खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "आता बसा. चपला काढून कितीही वेळ बसा. इथं बसायले पद लागत नाही."

हे सीतारामभाऊ डोईफोडे. चाळीस वर्षं एकाच पक्षात होते आणि पद कुठलंच नव्हतं. त्यांच्याकडे काम होतं ते माईक आणण्याचं, याद्या ठेवण्याचं आणि सतरंज्या घालण्याचं. बायको लवकर गेलेली, एक मुलगी स्मिता. घराच्या पुढच्या खोलीत सतरंज्यांच्या वळकट्या छतापर्यंत रचलेल्या. बाप-लेक उरलेल्या जागेत राहायचे. स्मिता दहावीला माझ्या वर्गात होती आणि अभ्यास त्या ढिगावर बसूनच करायची. हुशार मुलगी. पुढे औषधशास्त्र शिकून, लग्न होऊन ती इंग्लंडात गेली. तिथल्या एका गावात औषधांच्या दुकानात तिला नोकरी आहे.

सतरंजी गुंडाळण्याची भाऊंची एक शिस्त होती. सुरुवात व्यासपीठाच्या बाजूनं करायची आणि शेवटचा माणूस उठल्याशिवाय हात लावायचा नाही. एकदा दुपारच्या सभेत एक म्हातारा तिथंच झोपून गेला. पुढारी गेले, मांडववाले गेले, भाऊ त्याच्या शेजारी दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. मी विचारलं, "उठवायचं ना त्यांना." भाऊ म्हणाले, "उठवलं तं तो घरी जाऊन काय सांगंन? पक्षानं मले उठवलं. झोपला म्हणजे त्याले इथं बरं वाटलं."

पण त्यांची खरी विद्या वेगळीच होती. मतदार खरं बोलतो की खोटं, हे ते दारातच ओळखायचे. एका निवडणुकीत मी त्यांच्यासोबत एक गल्ली फिरलो. मास्तरानं प्रचारात दिसू नये म्हणून मी रस्त्यावरच, दुसरीकडे बघत उभा. एका किराणावाल्यानं भाऊंना हाताला धरून आत नेलं, चहा पाजला. "भाऊ, हे काय सांगायची गोष्ट झाली? घरातली पाचही मतं तुमचीच." भाऊ बाहेर आले आणि कानावरची पेन्सिल काढून त्यांनी पाचही नावं कापली. पुढच्या घरी एका म्हातारीनं नळाच्या पाण्यावरून त्यांना अर्धा तास फैलावर घेतलं. त्यांच्या पक्षाचं, पुढाऱ्यांचं आणि खुद्द भाऊंचं काही शिल्लक ठेवलं नाही. भाऊंनी बाहेर येऊन तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

"मास्तर, जो भांडते तो देते," ते म्हणाले. "ज्यानं पयल्या झटक्यात हो म्हटलं, त्याचं नाव कापा. त्याले फक्त तुमाले दारातून लवकर घालवायचं असते."

निकाल लागला तेव्हा त्या गल्लीचा अंदाज दोनच मतांनी चुकला होता. हे मी घरी येऊन कुंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, मोठ्या कौतुकानं सांगितलं आणि लगेच प्रयोगही केला. "मी नवरा म्हणून कसा आहे?" असं विचारलं. ती अर्धा तास भांडली. मला फार हायसं वाटलं.

स्मिता इंग्लंडात गेल्यावर काही वर्षांनी, उन्हाळा सरता सरता आमचे साहेब दुसऱ्या पक्षात गेले. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. त्यांना मिशीही धड फुटली नव्हती तेव्हा भाऊंनी त्यांना पहिल्यांदा माईकपुढे उभं केलं होतं. भाऊंना ही बातमी कळली ती सलूनमध्ये, अर्धी दाढी झालेली असताना, शेजारच्या गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरून. न्हावी वस्तरा हातात धरून थांबला. भाऊ आरशात पाहून म्हणाले, "राहिलेली कर बे. मी कोनाले अर्ध्यावर सोडत नाही."

दोन दिवसांनी साहेबांची माणसं सतरंज्या न्यायला आली. रविवारी नव्या पक्षाची सभा होती.

"साहेब जाताना कोनाले विचारून गेले?" भाऊंनी विचारलं.

"नाही भाऊ, ते वरूनच ठरलं."

"मंग सतरंज्याही वरूनच मागवा."

मग जुन्या पक्षात उरलेले लोक आले. त्यांचा नवा तालुकाप्रमुखही वरूनच ठरला होता. त्यांनाही हेच उत्तर मिळालं. त्या दिवसापासून सतरंज्या फक्त लग्नाला आणि तेरवीला निघू लागल्या, आणि सकाळी 'भाऊ, माईक कुठं आहे' असं विचारणारा फोन यायचा बंद झाला.

"मास्तर, मले जाण्याचं नाही वाटलं," ते आमच्या ओट्यावर बसून म्हणाले. "मानूस जाते. पन चाळीस वर्षांत एकदा तं विचारा, की सीताराम, तुले काय वाटते? मी नकोच म्हटलं असतं. पन विचारा तं."

मी कुंदाला चहा टाकायला सांगितलं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक अवघड प्रसंगांवर मी हाच उपाय केलेला आहे.

स्मिताचा फोन दर रविवारी दुपारी यायचा, तो माझ्या मोबाईलवर. कारण भाऊंच्या मोबाईलवर चेहरा दिसायचा नाही. त्याच आषाढात ती सहज बोलता बोलता म्हणाली की इथंही गोंधळच चालू आहे. पंतप्रधानांचे मंत्री एकामागून एक सोडून गेले, त्यांना पायउतार व्हावं लागलं, आणि आता त्यांच्या पक्षाला नवा नेता, म्हणजेच नवा पंतप्रधान, निवडायचा आहे. खासदार गाळून गाळून दोन नावं उरवतील आणि त्यातलं एक सभासद निवडतील. तिची आणि जावयांची मतपत्रिका घरी येणार होती.

भाऊ पुढे सरकले. "तुले विचारणार? नेता कोन, हे तुले?"

"मला म्हणजे सगळ्या सभासदांना, बाबा. शेजारच्या काकू नगरपालिकेला उभ्या होत्या, त्यांच्या आग्रहानं आम्ही दोघं सभासद झालो."

"तू काय काम करते पक्षाचं?"

"काहीच नाही. हे एकदा पत्रकं वाटायला गेले होते."

"सतरंज्या कोन घालते?"

"इथं खुर्च्या असतात, बाबा."

पोरीला बापाचं दुःख ठाऊक होतं. साहेबांचं सगळं मीच तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाबा, असं करू. तुम्ही ठरवा. तुम्ही सांगाल त्यालाच मी मत देते."

त्यानंतरचा दीड महिना मी आयुष्यात केली नाही एवढी इंग्रजीची सेवा केली. शाळा सुटली की भाऊ ओट्यावर हजर. मी मोबाईलवर त्या दोन उमेदवारांची भाषणं लावायचो आणि भाषांतर करून सांगायचो. माझं इंग्रजी दहावीच्या पुस्तकापुरतं पक्कं आहे, त्यापुढे ते घसरतं. तीन वाक्यांतलं एक कळायचं, उरलेली दोन मी अंदाजानं भरायचो. त्यामुळे विलायतेचे पुढारी माझ्या तोंडून मोताळ्याच्या पंचायत समितीत बोलल्यासारखे बोलायचे. भाऊ मात्र वहीत लिहून घ्यायचे. कर कमी करायचा म्हणते, पैसा कुठून आणणार ते सांगत नाही. घड्याळ पाहून बोलते. प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहत नाही.

दोघांतला एक पुरुष होता आणि त्याचं मूळ आपल्याकडचं. त्यामुळे चहाच्या टपरीवर निकाल आधीच लागला होता. "भाऊ, त्यात विचार कायचा करता? आपला मानूस आहे," टपरीवाला किसन म्हणायचा. दुसरी एक बाई होती. भाऊंनी मला एकच गोष्ट तीनतीनदा विचारली. जुना नेता अडचणीत आला तेव्हा या दोघांनी काय केलं? मी वाचून सांगितलं, की हा राजीनामा देऊन बाहेर पडणाऱ्या पहिल्या काहींतला, आणि बाई शेवटपर्यंत त्या मंत्रिमंडळात होती.

"झालं," भाऊ म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

टपरीवर यावरून बरीच जुंपली. किसन म्हणाला, "भाऊ, घरचा सोडून परक्या बाईले?"

"घरचा हाये ना, मान्य आहे. पन सोडून गेला. सोडून जाणाऱ्याले माह्या घरचं मत नाही."

"काऊन, तो तुमाले सोडून गेला का?"

भाऊंनी कप खाली ठेवला आणि ते उठून गेले. किसनला आपण काय बोललो ते नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांच्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

रविवारी स्मिताचा फोन आला. भाऊ धुतलेला सदरा घालून बसले होते. "त्या बाईले दे," त्यांनी सांगितलं. मग कारणं सांगायला वही उघडली. पाच पानं भरली होती.

"हो बाबा," स्मिता म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं. आजच टाकते." आणि तिला दुकानात जायचं होतं.

फोन बंद झाला. भाऊ काळ्या पडलेल्या पडद्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. मग वही मिटून म्हणाले, "पोरगी गुणाची आहे माही."

गणपती बसले होते तेव्हा निकाल आला. बाई जिंकली. भाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात. "मास्तरीणबाई, तोंड गोड करा. पंतप्रधान आपल्या मतानं झाली." कुंदानं पेढा घेतला, त्यांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "भाऊ, आता तरी आमच्या गल्लीचा नळ होईल का?" भाऊ इतके हसले की पुडा ओट्यावर सांडला. त्यांना असं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

कारण पुढे बाईंचं काही जमलंच नाही. काही आठवड्यांतच तिकडचा बाजार कोसळला, व्याजाचे दर वाढले, तिच्याच पक्षाचे लोक उलटले. स्मिता एका रविवारी म्हणाली की घराच्या कर्जाचा हप्ता आता वाढेल. तिनं ते पावसापाण्यासारखं सहज सांगितलं होतं. भाऊंचा चेहरा मात्र उतरला. दिवाळीच्या तोंडावर बाईंनी पद सोडलं.

"माह्यामुळं झालं," भाऊ भेटेल त्याला सांगू लागले. "म्या पाह्यलं कोन टिकलं, कोन पळालं. कामाचं कोन, हे पाह्यलंच नाही. पोरीच्या हप्त्यावर आलं ते."

टपरीवर लोक हसायचे. मीही एकदोनदा हसलो. लाखावर सभासदांच्या पक्षात एका मतानं काय होतं, असं समजावून सांगितलं. भाऊ म्हणाले, "मास्तर, चाळीस वर्षं मी दारोदार जाऊन हेच सांगतलं, की एका मतानं होते. आता स्वतःपुरतं नाही होत म्हणू?"

मात्र नेता पुन्हा निवडायचा होता. भाऊंनी नवी वही आणली. या वेळी चुकायचं नाही. त्यांनी मला शाळेतून अर्धी रजा घ्यायला लावली. कोण कोण उभं राहणार, ते आम्ही मांडत बसलो. आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बातमी आली, की दुसरं कुणी पुरेशा खासदारांचा पाठिंबा घेऊन उभंच राहिलं नाही, त्यामुळे तो आपल्याकडच्या मुळाचा माणूस नेता झाला. मतपत्रिका निघणारच नव्हती.

"म्हणजे बिनविरोध?" भाऊंनी विचारलं.

"हो."

"वरच्यांनी वरच ठरवलं?"

बाहेर किसननं आणि पोरांनी आपला माणूस झाला म्हणून हजार फटाक्यांची माळ लावली होती. भाऊ तिच्या आवाजात काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. नवी वही त्यांनी आमच्या मुलाला, बंड्याला, शाळेसाठी देऊन टाकली. पहिल्या पानावर फक्त तारीख घातलेली होती.

त्याच आठवड्यात स्मितानं मला एकट्याला फोन केला. "सर, बाबा मला म्हणाले, माझ्यामुळे तुझा हप्ता वाढला. रडायला आले होते ते. सर, मी त्यांचं ऐकलं नव्हतं. मी आणि ह्यांनी, दोघांनीही त्यालाच दिलं होतं मत, जो आता झाला. बाबांना वाईट वाटू नये म्हणून नुसतं हो म्हटलं. आता सांगू का त्यांना?"

मी शहाण्यासारखा म्हणालो, "थांब, मी बघतो." 'मी बघतो' हे दोन शब्द मी जेव्हा जेव्हा उच्चारले आहेत, तेव्हा तेव्हा काहीतरी बिघडलेलं आहे.

मी बघत राहिलो. दिवाळी सरली, कापूस निघाला, संक्रांत झाली. दर वेळी वाटायचं, उद्या सांगू. संक्रांतीनंतर भाऊंची छाती दुखू लागली आणि त्यांना बुलडाण्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. एका दुपारी मी एकटाच त्यांच्याजवळ होतो. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. एसटीत वाक्यसुद्धा पाठ केलं होतं: भाऊ, तुमच्या मनावरचं ओझं उतरवा, ते मत तुमचं नव्हतंच.

मी तोंड उघडलं तेवढ्यात भाऊ म्हणाले, "मास्तर, एक सांगू? चुकलं तं चुकलं. पन ते माहं चुकलं. जिंदगीभर दुसऱ्यांच्या चुका म्या खांद्यावर वाहिल्या. साहेब बोलायचे, लोकांच्या शिव्या मी खायचो. ही एक तेवढी माही स्वतःची. मले विचारलं, म्या सांगतलं, तसं झालं."

मी पिशवीतली मोसंबी बाहेर काढली.

"तुमी काही सांगून राह्यले होते," ते म्हणाले.

"काही नाही. मोसंबी सोलू का?"

"हाव, सोला."

मी मोसंबी सोलली. सांगितलं असतं तर त्यांच्या मनावरचा अपराध गेला असता आणि त्याच्याबरोबर आयुष्यात त्यांना कुणी विचारलेला एकमेव प्रश्नही गेला असता. न सांगावं तर ते पोरीच्या हप्त्याचं दुःख उशाशी घेऊन जाणार. मी फोडींवरचे दोरे काढत बसलो, एकेक करून, अगदी स्वच्छ. चार दिवसांनी भाऊ गेले.

तेरवीला स्मिता होती, जावई होते. साहेबही आले. जुन्या पक्षाचे लोक एका बाजूला, नव्याचे दुसऱ्या बाजूला, आणि सगळ्यांच्या बुडाखाली भाऊंच्याच सतरंज्या. जेवणं झाली, पंगती उठल्या, स्मिता आत भांडी आवरत होती. गुंडाळायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी पदर खोचल्यासारखे पँटचे पाय वर करून पुढे झालो आणि नेमकी लोकांच्या बाजूनं सुरुवात केली. अर्ध्यावर आलो तर वळकटी कुणाच्या तरी गुडघ्याला अडली. साहेब अजून बसलेले होते.

मी जीभ चावली, सगळं परत उलगडलं आणि त्यांच्या शेजारी बसलो. त्यांच्या खिशातला मोबाईल दोनदा वाजून थांबला. मग त्यांनी विचारलं, "सर, भाऊ माझ्याबद्दल काही बोलले होते का?"

"नाही," मी म्हणालो. हेही खरं होतं आणि त्याचा काही उपयोगही नव्हता. ते आणखी थोडा वेळ बसले आणि उठले. मग मी व्यासपीठ नसल्यामुळे भाऊंच्या फोटोच्या बाजूनं गुंडाळायला लागलो.

घरी आल्यावर कुंदा मेथी निवडत होती. तिच्यापुढे बसून मी पहिल्यांदा सगळं सांगितलं: स्मितानं ऐकलं नव्हतं, मला ते दिवाळीपासून माहीत होतं, आणि मी भाऊंना त्या गैरसमजात मरू दिलं. मी बरं केलं की वाईट, हे मला अजून कळत नाही, असंही म्हणालो.

मेथीवरून मान वर न करता तिनं विचारलं, "अहो, त्या रविवारी स्मिता फोनवर भांडली होती का त्यांच्याशी?"

"नाही. पहिल्या झटक्यात हो म्हणाली."

"मग त्यांना त्याच दिवशी कळलं होतं," कुंदा म्हणाली. "मला सांगा, त्यानंतर पेढे वाटताना त्या माणसाला किती जड गेलं असेल?"